बुरूड राजाचा कोट आणि वालीवचे गाळे

बारावीत असताना 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहायचा होता. मी वसईच्या किल्ल्यावर लिहिला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली, चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्यांतल्या काही आज मेणवली, भीमाशंकर येथील देवळांत आहेत. सारे बिनचूक होते, गुणही चांगले मिळाले. फक्त ते माझे गाव नव्हते. किल्ला पश्चिमेला, खाडीच्या मुखाशी. आम्ही राहत होतो रुळांच्या पूर्वेला, गोखिवऱ्याच्या पुढे, वालीवला.

वालीववर लिहिण्यासारखे काही आहे, असे मला वाटलेच नव्हते. पश्चिमेकडे केळीच्या बागा, पानवेली, बावखले, सुकेळी. तिकडच्या माणसांनी आपल्या मातीविषयी पुष्कळ लिहिले आहे. पूर्वेकडे पत्र्याचे गाळे. त्याआधी तेथे भातशेती होती, उन्हाळ्यात राब भाजले जात, डोंगरातून उतरणाऱ्या आदिवासी बाया डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आमच्या चाळीपुढून जात. गाळ्यांच्या सांदीत उरलेल्या एखाद्या खाचरात भात डोलत असे, एवढीच त्या गावाची खूण मी पाहिली.

पुढे एम. ए. करताना सोपाऱ्याच्या स्तूपाविषयी वाचले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा दगडी पेटीच्या आत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि अखेर सोन्याचे करंडक निघाले. आणि सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते असावेत, असे मानले गेले. मला मात्र आजही अधिक विलक्षण वाटते ते त्या टेकाडाचे गावठी नाव : बुरूड राजाचा कोट. शूर्पारक या जुन्या नावातला शूर्प म्हणजे सूप. सुपावरून सुपे विणणारा बुरूड आणि बुरुडाचा पुढे राजा झाला असावा. व्युत्पत्ती म्हणून हे पटते. पण स्तूप विसरलेल्या लोकांना त्या टेकाडासाठी राजा हवा होता, तेव्हा त्यांनी बांबू सोलणाऱ्या माणसाला गादीवर बसवले, हे व्युत्पत्तीने संपत नाही. भाजी, मासळी, धान्य ज्याच्या टोपल्यांतून बाजारात जात होते, तो कोणाच्या तरी लक्षात होता. अभ्यासकांनी दंतकथा खोडली, ते योग्यच झाले. तिच्याबरोबर बुरूडही पुसला गेला, याची खंत कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

हे वाचताना मला वडील आठवले. ते माणदेशातून आलेले. वालीवच्या एका गाळ्यात बाटल्यांची झाकणे काढीत. बारा तासांची पाळी. एका रात्री साचा मिटला आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. शेठने दवाखान्याचे बिल दिले, घटना कोठेही नोंदवली नाही, आणि दीड महिन्याने वडील पुन्हा त्याच यंत्रावर उभे राहिले. गाळ्याची पाटी त्यानंतर दोनदा बदलली.

श्रावणी सोमवारी ते मला तुंगारेश्वरला नेत. परशुरामाने तुंग नावाच्या असुराला मारून तेथे तप केले, असे सांगतात. ही कथा मला वाटेतल्या फुलवालीकडून कळली. वडिलांना तिच्यात रस नव्हता. (२००३ साली त्या डोंगराचे अभयारण्य झाले. मोळीवाल्या बायांचे पुढे काय झाले, हेही मी तेव्हा विचारले नाही.) दर्शन झाले की चढावर झाडी विरळ होते अशा एका जागी ते थांबत. खाली पावसाने धुतलेले पत्रे चकाकत. डावा हात पुढे करून, उरलेल्या बोटांनी एकेक छप्पर दाखवत ते म्हणत, "ती झाकणं. त्याच्या शेजारी कंगवे. पलीकडं पुठ्ठ्याची खोकी. तिथं बिजागऱ्या." एकाही गाळ्याचे नाव ते घेत नसत. मला भूक लागलेली असे. मी नीट ऐकत नसे.