रुमालात ओवलेली अंगठी

लंडनचा चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४३ च्या सुमारास एका लग्नाची सहा चित्रे रंगवली. १७४५ साली ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापली गेली. सहांचा संच एक गिनीला. त्यातले पहिले चित्र मी एका पुस्तकात पाहिले आणि त्यातल्या मुलीवरून माझी नजर हलेना.

चित्रात लग्नाची बोलणी चालली आहेत. मुलाचा बाप उमराव. दुखऱ्या पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या, पण बोट वंशावळीवर! खिडकीबाहेर त्याचा नवा वाडा पैशाअभावी अर्धवट पडला आहे. मुलीचा बाप शहरातला श्रीमंत व्यापारी. तो चष्मा लावून करारनामा वाचतो आहे. टेबलावर नाणी मांडली आहेत. एकाला पैसा हवा, दुसऱ्याला मोठे कूळ. (आपल्याकडे जात, तिकडे कूळ. तोरा तोच.)

नवरा मुलगा मुलीकडे पाठ करून आरशात स्वतःलाच न्याहाळतो आहे. जवळच दोन कुत्री, एकाच साखळीत जखडलेली.

आणि मुलगी? तिला कोणी काही विचारत नाही. ती मान खाली घालून बसली आहे. हातात रुमाल आहे, पण डोळे पुसायला नव्हे. अंगठी तिने बोटात घातलेलीच नाही. ती रुमालात ओवून इकडून तिकडे सरकवते आहे. काही जाणकार तिला फुगलेली म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा ती पदराचे टोक असेच पिळत बसली होती. घरचे म्हणाले, पोरगी लाजली. मी शेजारीच बसले होते. ती लाज नव्हती.

त्या खोलीत एकच माणूस या मुलीकडे वाकून बोलतो आहे. तो वकील, लेखणीला टोक काढता काढता. होगार्थने त्याचे नाव ठेवले सिल्व्हरटंग, म्हणजे चांदीची जीभ. पुढच्या चित्रांत ती त्याच्या नादी लागते. नवरा त्याच्या हातून मरतो, वकील फासावर जातो. दोष तिलाही देता येईल. पण बोलणीच्या दिवशी तिच्याशी बोलणारा तोच एक होता, हेही होगार्थने दाखवून ठेवले आहे.

सहाव्या चित्रात तिने विष घेतले आहे. दाई तिचे लेकरू तिच्या गालाशी धरते आहे. आणि बाप? तो लेकीच्या बोटातली अंगठी काढून घेतो आहे.