नावाचा पहिला मानकरी

झेडलिब ही लायब्ररी १९९५ साली जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी खुली केली. माहिती दाबून लहान करायची असली की बरंच सॉफ्टवेअर तिच्याकडेच वळतं. सिस्टिममध्ये ती बहुतेकदा असतेच. तरी आम्ही वैद्यकीय प्रतिमांची सॉफ्टवेअरं बांधणारे तिची आणि टिफ, जेपेग प्रतिमा वाचणाऱ्या लिबटिफ, लिबजेपेग यांच्याही प्रती सोबत नेतो. रुग्णालयातल्या मशिनवर कोणती आवृत्ती असेल, याचा भरवसा नसतो.

गोची होते नावांपाशी. लिनक्सवर लोडर सगळ्या शेअर्ड लायब्रऱ्या रांगेत लावतो आणि कुणी झेडलिबचं ‘इन्फ्लेट’ हे फंक्शन मागितलं की रांगेत ते नाव जिच्याकडे आधी सापडेल तिच्याशी गाठ घालून देतो. मागणाऱ्याला कोणतं हवं होतं, हे तो पाहत नाही. वाड्यात दोन कुलकर्णी असावेत आणि पोस्टमनने दोघांचीही पत्रं पहिल्याच दारात टाकावीत, तसं. विंडोज आणि मॅक फंक्शनच्या नावासोबत लायब्ररीचंही नाव नोंदवतात, म्हणून तिथे हा त्रास कमी.

त्रास लगेच दिसतही नाही. स्कॅन उघडतो, फिरतो, मोजमापं बरोबर येतात. मग कुणी ‘फाइल उघडा’ म्हणतं. निवडलेल्या फाइलचं छोटं चित्र दाखवायला सिस्टिमचं टिफ वाचणारं प्लगिन येतं. ते लिबटिफ ४ च्या हिशेबाने बांधलेलं. नावं मात्र सोबत आणलेल्या ३ च्या प्रतीने आधीच अडवलेली. ४.० मध्ये फाइलमधली जागा सांगणारा आकडा ३२ बिटांचा होता तो ६४ बिटांचा झाला. दोघांचे हिशेब जुळत नाहीत, मेमरी बिघडते आणि प्रोग्राम कोसळतो तो भलत्याच ओळीवर. लिबजेपेगच्या कर्त्यांबद्दल मला म्हणूनच फार आदर आहे. तिथे मागणारा स्वतःचा आवृत्ती-क्रमांक आणि स्ट्रक्चरचं माप पाठवतो. जुळलं नाही तर ‘लायब्ररी ६२ ची, मागणाऱ्याला ८० ची हवी’ अशा अर्थाचा संदेश देऊन काम थांबतं. तो दिसला की निम्मा शोध संपला.

लिंकरला सांगून नावं लपवता येतात, जीसीसी या कंपायलरच्या ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून, ते सोपंही झालंय. मी तरीही नाव बदलण्याच्याच बाजूचा. लपवलेली नावं शेअर्ड लायब्ररीच्या बाहेर दिसत नाहीत, पण तीच प्रत स्टॅटिक लायब्ररी म्हणून दुसऱ्याच्या प्रोग्रामात मिसळली की पुन्हा भिडतात. व्हीटीके आणि आयटीके या प्रकल्पांनी आपल्या प्रतींतल्या नावांना आपापला उपसर्ग लावला. झेडलिबमध्ये तशी सोय मुळातच आहे, आणि आयसीयू ही युनिकोड मजकुराची लायब्ररी तर प्रत्येक फंक्शनच्या नावात आवृत्तीचा आकडाच घालते.

नावं बदलण्याचं काम दिसायला सोपं: एक हेडर, आणि त्यात नावागणिक, जुन्या नावाच्या जागी उपसर्गाचं नाव घालणारी एक ओळ. कस लागतो तो यादी करताना. मूळ हेडर वाचून ती करू नये, कारण आतली फंक्शनं आणि लिबजेपेगच्या क्रमतक्त्यासारखे डेटा त्या हेडरात नसतात. आधी लायब्ररी कंपाइल करावी आणि ‘एनएम’ या साधनाने तिच्यातली सगळी नावं काढावीत. एखादं जरी सुटलं तरी बाकीची फंक्शनं आपली, एक परकं, अशी अवस्था होते. ती काहीच न बदलण्याहून वाईट. म्हणून प्रत्येक बिल्डनंतर यंत्रानेच तपासावं आणि उपसर्गाविना नाव बाहेर दिसलं तर बिल्ड पाडावी.

दुसरा काच प्रीप्रोसेसरचा. झेडलिबमध्ये ‘कॉम्प्रेस’ नावाचं फंक्शन आहे, आणि हा शब्द कुणाच्याही क्लासमध्ये मेथड म्हणून येऊ शकतो. ज्या फाइलने आपलं हेडर ओढलं तिथे ती मेथडही बदलते, शेजारच्या फाइलमध्ये बदलत नाही, आणि लिंकर ‘सापडलं नाही’ म्हणून अडतो. त्यामुळे हे हेडर प्रतिमा वाचणाऱ्या दोन-तीन फाइलींपुरतंच ठेवावं, सार्वजनिक हेडरात कधीच जाऊ देऊ नये.

नाव बदललं म्हणून दोष बदलत नाहीत. २००२ मध्ये झेडलिब १.१.३ मध्ये एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष निघाला. १.१.४ ने तो बुजवला, पण ज्या प्रोग्रामांत प्रत आतच होती त्यांना सिस्टिमच्या अपडेटचा उपयोग नव्हता. बदललेल्या नावाची प्रत तर शोधणाऱ्याच्या नजरेतूनही सुटते. माझ्या हेडरच्या पहिल्या ओळीत मूळ आवृत्तीचा आकडा असतो. मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की मी आधी तो ताडून पाहतो, मग यादी नव्याने काढतो.