अक्षरे किती? सी भाषेच्या तळघरातून

‘ज्ञानेश्वर’ या शब्दात अक्षरे किती, या प्रश्नाला मराठीच्या वर्गात एकच उत्तर मिळते: चार. ज्ञा, ने, श्व, र. हाच शब्द पायथन या संगणकभाषेला दिला आणि लांबी विचारली, तर ती १० सांगते. कारण हलन्ताचे चिन्ह, काना, मात्रा ही तिच्या लेखी स्वतंत्र एकके आहेत. संगणकाच्या स्मृतीत या शब्दाच्या मजकुराला ती २० बाइट देते. यूटीएफ-८ संकेतनात तो फाइलमध्ये उतरवला की ३० होतात. चारही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. छंदाच्या अभ्यासकाला मात्र पहिलेच उत्तर हवे असते, आणि यंत्र ते आपणहून देत नाही.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाचा विषय छंद, दुसऱ्याचा भाषाविज्ञान. तुकारामांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, आणि एकच चौक किंचित बदलून निरनिराळ्या ठिकाणी कसा येतो, हे पाहण्याची आम्हाला बरीच वर्षे इच्छा होती. मोठ्या अभंगाचा चौक ६-६-६-४ असा २२ अक्षरांचा. दोन चौक एकमेकांपासून किती अक्षरांनी वेगळे आहेत हे काढण्याची रीत सोपी आहे. २२ घरे आडवी, २२ उभी असा तक्ता मांडायचा आणि एकेक घर भरत जायचे. म्हणजे ४८४ घरे.

आता चौक २० हजार आहेत असे धरू. प्रत्येक चौक इतर प्रत्येकाशी ताडायचा तर जोड्या होतात जवळजवळ २० कोटी. पायथनमध्ये एका जोडीला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो असे मानले, तरी एकूण २० हजार सेकंद, म्हणजे साडेपाच तास. एकदाच करायचे असते तर रात्री यंत्र चालू ठेवून झोपता आले असते. पण पाठभेदाचे काम एकदाच होत नाही. अनुस्वाराचा फरक हा फरक मानायचा का? ऱ्हस्व-दीर्घाचा? ‘ण’ आणि ‘न’ यांचा? प्रत्येक प्रश्नासाठी एक रात्र खर्ची पडणार असेल, तर माणूस हळूहळू प्रश्न विचारणेच सोडून देतो. आम्हाला भीती वाटली ती याची. संथ यंत्र वेळ खाते हे खरे, पण त्याआधी ते अभ्यासकाला पहिल्याच व्याख्येवर समाधान मानायला शिकवते.

यावर जुना आणि राजमान्य उपाय असा की, घरे भरण्याचा तेवढा भाग सी भाषेत लिहावा, कंपायलरकरवी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करून घ्यावे आणि पायथनने तो आपल्याच मोड्यूलसारखा वापरावा. यात परकेपणा काही नाही. गिदो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅमच्या संशोधनसंस्थेत पायथन घडवली आणि १९९१ साली पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. तिचा सर्वाधिक वापरला जाणारा अवतार मुळात सीमध्येच लिहिलेला आहे. सी त्याआधी दोन दशकांची, बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांच्या हातून १९७० च्या दशकाच्या आरंभी आकारलेली. म्हणजे आपण जिन्याने खाली उतरतो तेव्हा शेजाऱ्याच्या घरात शिरत नाही. त्याच घराच्या तळघरात जातो. (पायथन हे नाव सापावरून नव्हे, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून आले, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांची भीती निम्मी होते.)

उतरण्याची तयारी थोडी लागते. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर, विंडोजवर मायक्रोसॉफ्टची बांधणीची साधने, मॅकवर एक्सकोडची. उबुंटूसारख्या लिनक्सवर नवख्याचे पाऊल बहुधा पहिल्याच पायरीवर थबकते: ‘पायथन.एच’ ही फाइल सापडत नाही, असे कंपायलर सांगतो. पायथन तर चालू असते, मग सापडत नाही म्हणजे काय? पायथन चालवण्यासाठी लागते ते एक आणि तिच्यासाठी सीमध्ये लिहिताना लागते ते दुसरे. ते दुसरे ‘पायथन३-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजात असते. संदेश शब्दशः खरा असतो, तो शांतपणे वाचावा लागतो, इतकेच. जुन्या मार्गदर्शिकांबाबत मात्र सावध राहावे. त्यांत सर्रास येणारे ‘डिस्टयुटिल्स’ २०२३ च्या ३.१२ आवृत्तीपासून पायथनमधून काढून टाकले आहे; आता ‘सेटअपटूल्स’ घ्यावे.

सीच्या फाइलीचा ढाचा ठरलेला आहे. मूळ काम करणारे फंक्शन, त्याचे नाव नोंदवणारा तक्ता, ज्याची शेवटची ओळ रिकामी ठेवायची, मोड्यूलचे वर्णन, आणि ‘पायइनिट’ने सुरू होऊन मोड्यूलच्या नावाने संपणारे एक प्रवेशद्वार. त्या नावात अक्षराचा फरक पडला तरी पायथन आत घेत नाही. हे तासाभरात जमते. ज्यांना एवढेही नको, त्यांच्यासाठी पायथनमध्येच ‘सीटाइप्स’ आहे. साधे सी फंक्शन त्यातून थेट हाकता येते. आम्ही लांबचा रस्ता धरला तो पुढील गोष्टीसाठी.

पायथनमध्ये प्रत्येक वस्तूला तिचे किती धारक आहेत याची मोजणी चिकटलेली असते. मोजणी शून्यावर आली की वस्तू नष्ट होते. वर, पायथन लिहिताना, हे कधी दिसत नाही. घरातला कोणी वडीलधारा मुकाट्याने हिशेब ठेवतो. खाली तो हिशेब आपल्याकडे येतो. हाती आलेला संदर्भ मालकीचा आहे की उसना, हे दर वेळी ठाऊक असावे लागते. मालकीचा असेल तर काम संपल्यावर सोडायचा. उसना असेल तर सोडायचा नाही, आणि जवळ ठेवायचाच असेल तर आधी आपल्या नावावर चढवून घ्यायचा. नियम इतका सरळ असता तर मराठीच्या माणसाला त्यात रस वाटला नसता. यादीतला घटक काढून देणारे एक फंक्शन उसना संदर्भ देते; कोणत्याही क्रमवार संग्रहातून तोच घटक काढणारे दुसरे फंक्शन मालकीचा देते. यादीत घटक ठेवणारे तिसरे तर आपल्या हातातला संदर्भ ‘चोरते’. हा शब्द आमचा नाही. अधिकृत दस्तऐवजाचीच ती परिभाषा आहे. ‘वाट’ स्त्रीलिंगी आणि ‘रस्ता’ पुल्लिंगी का, याला जितके उत्तर आहे तितकेच याला. पाठ करावे, वापरावे.

सोडायचा संदर्भ राहून गेला तर स्मृती गळत राहते, कोणाला कळतही नाही. नको तो सोडला तर मात्र आज्ञावली भलत्याच ठिकाणी, कधी कधी बऱ्याच वेळाने, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोनच शब्द उच्चारून कोसळते. वर पायथन चुकीची ओळ, फाइल, कारण सारे सौजन्याने सांगते. ते सौजन्य कोणाच्या श्रमावर उभे आहे, हे तळघरात गेल्यावर समजते.

आमच्या एका स्नेह्याने विचारले, हे काम संगणक विभागाकडे का दिले नाही? दिले असते, तर अक्षर म्हणजे काय हे त्यांनी युनिकोडला विचारले असते. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानुसार हलन्तानंतर तुकडा पडत असे. म्हणजे ‘ज्ञानेश्वर’चे ज्, ञा, ने, श्, व, र असे ६ तुकडे. देवनागरीतली जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. आता ४ मिळतात. पण ‘अर्थात्’ हा शब्द त्या नियमाने आजही तीन तुकड्यांचा, आणि छंदाच्या हिशेबाने दोन अक्षरांचा: शेवटचा ‘त्’ आधीच्या अक्षरात जातो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक यंत्राच्या दृष्टीने एका संकेतांकाचा; मराठी कानाला एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. असे निर्णय सीच्या त्या फंक्शनात दहा-पंधरा ओळींत बसतात, आणि त्या ओळी मराठीच्या माणसाने लिहाव्यात यावर आमचे दुमत नाही.

मोड्यूल बांधल्यावर सगळी तुलना आमच्या जुन्या यंत्रावर चहा पिऊन होईपर्यंत आटोपते. दुमत अनुस्वारावर आहे. छंदवाल्याच्या मते तो अक्षरसंख्या बदलत नाही, म्हणून फरक धरू नये. भाषाविज्ञानवाल्याच्या मते तो रूप बदलतो, म्हणून धरावा. तूर्त दोन मोड्यूले बांधली आहेत, एक अनुस्वार धरणारे, एक न धरणारे. दोन्ही याद्या छापून एम.ए.च्या वर्गाला दिल्या आहेत. एका यादीत असलेल्या आणि दुसरीत नसलेल्या जोड्या मुले छापील गाथेशी ताडून पाहत आहेत.