झुकते माप

हास्याविषयी भारतीय परंपरेत पुष्कळ लिहिले गेले आहे. स्मिताविषयी मात्र त्या मानाने फार थोडे. भरताच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायातील रसविवेचनात, हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. ज्यात गाल किंचित फुलतात, नजर शोभून दिसते आणि दात दिसत नाहीत ते स्मित. आणि ज्यात डोळ्यांत पाणी येते, आवाज चढतो व हातांनी कुशी दाबून धराव्या लागतात ते अतिहसित. या सहांची वाटणी भरताने पात्रांच्या दर्जानुसार केली असून पहिले दोन प्रकार उत्तम पात्रांना, मधले दोन मध्यमांना आणि शेवटचे दोन अधमांना दिले आहेत. रंगभूमीवर पात्रे उभी करण्यासाठी ही विभागणी सोयीची असेलही, परंतु ती रोजच्या जगण्याला लावू गेल्यास टिकत नाही, कारण सर्वांत निर्मळ स्मित पाहायचे असेल तर ते राजवाड्यापेक्षा मंडईत, फाटक्या छत्रीखाली बसलेल्या भाजीवालीच्या चेहऱ्यावर अधिक सहज सापडते.

नाट्यशास्त्राने हास्याची जी कारणे दिली आहेत तीही इथे अपुरी पडतात. विचित्र वेष, भलतेच अलंकार, धीटपणा, हावरेपणा, असंबद्ध बडबड, व्यंगाचे दर्शन ही सारी कारणे विसंगतीची आहेत. कोणाचे तरी काही तरी बिघडलेले, विटलेले, जागा चुकलेले दिसल्याखेरीज हा रस उपजत नाही. उलट दिवसभराच्या धबडग्यात माणसाच्या ओठांवर नकळत जे हसू येऊन जाते, त्याच्या मुळाशी सहसा कोणाचीही फजिती नसते. कोणी हास्यास्पद ठरलेले नसते, कोणाचे नुकसान झालेले नसते, आणि तरीही गालातल्या गालात काही तरी हलते. या हसण्याचे कारण विसंगतीत नसेल तर ते कशात शोधायचे, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

शरीरशास्त्राने या प्रश्नाची एक बाजू उजेडात आणली आहे. ग्यिओम द्युशेन या फ्रेंच वैद्याने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन प्रयोग केले आणि १८६२ साली आपले निष्कर्ष छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू माणसाला इच्छेनुसार आखडता येतो आणि त्यामुळे हसण्याचा आकार तयार होतो. परंतु डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू, जो आखडल्यावर खालची पापणी किंचित वर येते, तो सहसा खऱ्या आनंदाखेरीज त्यात सामील होत नाही, असे त्याला आढळले. मनापासून हसणाऱ्या माणसाचे डोळे हसतात, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. द्युशेनने त्या जाणिवेला स्नायूचा पत्ता दिला.

दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. तान्हे बाळ झोपेत हसते तेव्हा सटवाई त्याला हसवते, असे घरोघरच्या आज्या सांगत आल्या आहेत, आणि त्या पहिल्या काही आठवड्यांतले हसू समोरच्या कोणासाठी नसते, ही गोष्ट त्यांनी बरोबर ओळखली होती. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास बाळ समोरचा चेहरा पाहून हसू लागते आणि तेथून पुढे माणसाचे हसू बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाकडे तोंड करूनच उमटते. अमेरिकेतील क्राउट आणि जॉन्स्टन या संशोधकांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोलिंग हा खेळ खेळणाऱ्यांचे, म्हणजे लांब पट्टीवरून जड चेंडू घरंगळवत टोकाशी उभे केलेले खुंट पाडणाऱ्यांचे, चेहरे टिपले होते. खुंट पडताना, खेळाडूचे तोंड त्यांच्याकडे असेपर्यंत, हसू क्वचितच दिसले. तो वळून सोबत्यांकडे पाहू लागला की ते दिसू लागे. यश मिळाल्याचा क्षण आणि हसण्याचा क्षण एक नव्हता. हसू दोन माणसांच्या मधल्या जागेत घडते, असे मानायला या निरीक्षणाने चांगला आधार मिळतो.

ती मधली जागा कशी असते हे पाहण्यासाठी भाजीबाजारासारखे ठिकाण नाही. तेथील व्यवहार रोकडा असतो, दोन्ही बाजूंना पैशाची किंमत ठाऊक असते, घासाघीस मनापासून होते, आणि एवढे सगळे झाल्यावर, हिशेब मिटलेला असताना, भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीतून चार काड्या काढून पिशवीत टाकते. "असू द्या ताई, आमटीत टाका," एवढेच ती म्हणते, किंवा तेही म्हणत नाही. या कृतीकडे नीट पाहिले पाहिजे. ती हिशेबाच्या आत नाही, कारण भाव ठरून पैसे देऊन झालेले आहेत. ती दानही नाही, कारण चार काड्यांचे दान कोणी करीत नाही. पुन्हा गिऱ्हाईक यावे म्हणून ती केली जाते असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्यही आहे, पण गावात एकदाच आलेल्या, परत न येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतही त्या काड्या पडतात, तेव्हा हे स्पष्टीकरण लंगडे पडते.

या जास्तीच्या चिमटीला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. धान्य मापाने मोजले जाई त्या काळात, म्हणजे दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली असे कोष्टक तोंडपाठ असण्याच्या दिवसांत, माप काठोकाठ भरून थांबत नसत. त्यावर दाण्यांचा शंकूसारखा ढीग राहू देत, त्याला शीग म्हणत. माप काठाशी सपाट करून द्यायचे की शीग ठेवून, यावरून देणाऱ्याचा हात ओळखला जाई. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजने येऊ लागली आणि धान्य हळूहळू मापाऐवजी वजनाने विकले जाऊ लागले. वजनाला शीग नसते. तेव्हा तागडीवरच्या मालात तिची भर कलण्यातून होऊ लागली: भाजीवाली उजव्या हाताने पारड्यात वांगी टाकते, मालाचे पारडे वजनाच्या पारड्यापेक्षा जरासे खाली जाते, एक वांगे काढण्यासाठी तिचा हात पुढे होतो, क्षणभर वर थांबतो, आणि ती ते वांगे तसेच राहू देऊन सगळे पारडे पिशवीत उलटते. तो थांबलेला हात गिऱ्हाइकाने पाहिलेला असतो. त्याने पाहिले हे तिनेही पाहिलेले असते. हसू येते ते इथे.

त्यानंतर इलेक्ट्रॉनिक काटा आला, त्यावर ग्रॅम दिसू लागले आणि कलण्याला जागा उरली नाही. पण ज्यांनी मंडईत काही काळ लक्ष देऊन घालवला असेल त्यांना आढळेल की जास्तीची चिमूट नाहीशी झाली नाही, ती फक्त पारड्यातून थेट पिशवीत गेली. काट्यावरचा आकडा पाहून झाला की मग कढीपत्त्याची डहाळी, आल्याचा तुकडा, दोन मिरच्या पडतात. मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत आल्यावर सुट्ट्यांचा प्रश्न संपला आणि त्याबरोबर "दोन रुपये राहू द्या" हे वाक्यही संपेल असे वाटले होते. तसे झाले नाही. त्रेसष्ट रुपये झाले असता "साठच टाका" असे म्हणणारे आवाज अजून ऐकू येतात, आणि दुकानातल्या डबीने साठ रुपये मिळाल्याची घोषणा केली की त्या न उच्चारलेल्या तीन रुपयांवर दोघे हसतात.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या देणगीविषयीच्या निबंधात असे दाखवले होते की जगातील अनेक समाजांत भेट ही वरवर स्वेच्छेची असली तरी तिच्यात तीन बंधने गुंतलेली असतात: देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत करण्याचे. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करू नये, निदान तळाशी चमचाभर साखर तरी घालावी, ही महाराष्ट्रातील घरोघरची रीत मोसच्या सिद्धांताचे उत्तम उदाहरण ठरेल. झाकण काढल्यावर तळाशी दिसणारी साखर गृहिणीला हसवते खरी, पण त्या हसण्यात रीत पाळली गेल्याचे समाधानही मिसळलेले असते. कोथिंबिरीच्या काड्यांना मात्र हा सिद्धांत पुरत नाही, कारण त्यांची परतफेड कोणी मागत नाही आणि कोणाला करावीशीही वाटत नाही. त्या परतफेडीच्या मापात न येण्याइतक्या लहान असतात. भाजीवालीने शेरभर भाजी फुकट दिली तर गिऱ्हाईक हसणार नाही, अवघडेल. त्याला कारण विचारावेसे वाटेल, उपकाराचे ओझे वाटेल, पुढच्या वेळी दुसऱ्या ठेल्यावर जावेसे वाटेल. देणे एवढे लहान हवे की त्याचा उपकार होऊ नये आणि एवढे तरी मोठे हवे की ते डोळ्यांना दिसावे. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत स्मिताचे घर आहे. ज्यांना आपण किरकोळ आनंद म्हणतो त्यांचा किरकोळपणा हे त्यांचे न्यून नव्हे. त्यांची सारी ताकद त्यातच आहे.

ही पट्टी सर्वांसाठी सारखी खुली कधीच नव्हती, हे इथे सांगितलेच पाहिजे. ज्या वाटीचे एवढे कौतुक होते ती वाटी जातीची वेस ओलांडत नसे. ज्या गावात शीग लावून मापे भरली जात त्याच गावात काहींच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई आणि त्यांनी दिलेले नाणे शिंपडून घेतले जाई. ज्याच्याशी नजर मिळवायची नाही असे ठरलेले आहे त्याच्यापाशी हसू पोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून जुन्या गावगाड्याच्या आठवणीत केवळ मायाच पाहणारे लेखन अर्धवट वाटते. स्त्रियांच्या बाबतीतही रस्त्यावरचे हसू जपून वापरण्याची वस्तू ठरली. अनोळखी माणसाकडे पाहून हसल्यास त्याचा भलता अर्थ लावला जाईल, या शिकवणीत वाढलेल्या मुली ओठ मिटून चालायला शिकतात.

कदाचित त्यामुळेच मुंबईच्या लोकल गाडीचा बायकांचा डबा या विषयात वेगळा ठरतो. या शहरात विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, आणि त्यानंतर शतकभरात वाढत गेलेल्या गर्दीने असे काही नियम घडवले जे रेल्वेच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. तीन जणींच्या बाकावर चौथीला टेकू द्यायचे. बसलेलीने उभ्या असलेलीची पिशवी मांडीवर घ्यायची. रॅकवरची बॅग हातोहात दारापर्यंत पोचवायची. "कुठे उतरणार?" या प्रश्नाला "ठाणे" असे उत्तर मिळाले की एका जागेचा वारसा ठरतो. चौथी सीट म्हणजे वास्तविक वीतभर फळी, जिच्यावर निम्मे शरीर अधांतरी राहते; पण तिघींनी एकदम श्वास आवळून ती वीत मोकळी केली की उभी असलेली हसते, आणि तेवढ्यापुरते कोणी त्या हसण्याचा अर्थ लावत बसत नाही.

मागून घेतलेले हसू मात्र निराळे. आर्ली हॉशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास करून भावनिक श्रम ही संकल्पना मांडली. नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरणे किंवा दाखवणे, असा तिचा अर्थ. पगारासाठी दिवसभर हसत राहणाऱ्या माणसाचा शीण हा शारीरिक शिणाइतकाच खरा असतो, आणि ज्या काउंटरवर हसतमुख सेवेची सक्ती आहे तेथील कर्मचाऱ्याने न हसण्याचा हक्क बजावला तर त्याला उद्धट म्हणू नये.

हीच गोष्ट वस्तूंनाही लागू पडते. घरपोच किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिट या सेवेने मे २०२४ मध्ये, कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडतात या समाजमाध्यमावरील तक्रारीनंतर, भाजीबरोबर कोथिंबीर मोफत देण्याची सोय केली. ही सोय चांगली आहे आणि तिने अनेक घरांची सवय राखली. परंतु जे सर्वांना, दर वेळी, ठरलेल्या प्रमाणात मिळते ते व्यवहाराचे कलम होते. हात थांबला असता, तरी थांबला नाही, ही शक्यता त्यात उरत नाही.

मंडईत ती शक्यता पावसाळ्यात सर्वांत स्पष्ट दिसते. सततच्या पावसाने कोथिंबीर शेतात सडते, नाशिकहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या कमी होतात, जुडीचा भाव कडाडतो, आणि ज्या हातातून एरवी चार काड्या सहज सुटत तो हात जुडीपाशी जाऊन अडखळतो. काही भाजीवाल्या तेव्हा काहीच देत नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही. काही जणी दोन काड्या तोडतात आणि "आज एवढीच, फार महाग झालीय," असे सांगून टाकतात. अशा वेळी भाव ठाऊक असलेले एखादे गिऱ्हाईक पिशवीचे तोंड मिटून घेते आणि "राहू द्या मावशी, आज नको" असे म्हणते. देणे-घेणे इथे उलटे होते: वरचे ते आता गिऱ्हाइकाने दिलेले असते, तेही दोन काड्यांएवढेच, आणि हसू भाजीवालीच्या चेहऱ्यावर येते. बहुतेक वेळा ती त्या दोन काड्या तरीही पिशवीत कोंबते.