एकट्याने की सावडीने?

वाचकहो, शेतकऱ्याच्या घरात एक वाद कधीच जुना होत नाही. काम एकट्याने करावे की चार जणांनी मिळून? एक म्हणतो, ‘गाव करी ते राव न करी.’ दुसरा लगेच सुनावतो, ‘भागीचे घोडे किवणाने मेले.’ दोन्ही म्हणी आपल्याच आणि दोन्ही खऱ्या. हाच वाद आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. पण तो विहिरीच्या वाटणीचा किंवा बांधाचा नाही, मोबाईल आणि संगणकावरच्या खेळांचा आहे. हसू नका. तुमच्या घरातले कॉलेजात जाणारे पोर रात्री अकरा वाजता मान खाली घालून बसलेले दिसते, तेव्हा ते नुसते खेळतच असेल असे समजू नका. कदाचित ते खेळात स्वतःची भर घालत असेल.

या भर घालण्याला ‘मॉड’ म्हणतात. आमच्या घरी हा शब्द पहिल्यांदा आला, तेव्हा आईला वाटले की मटकीला मोड आणायचे काहीतरी चालले आहे. तसे नाही. कंपनीने तयार केलेला खेळ बाजारात येतो. खेळणारा माणूस त्यात एखादी नवी गाडी, नवे गाव, नवी गोष्ट बसवतो. दुकानातून आणलेल्या नांगराचा फाळ आपण लोहाराकडून आपल्या रानाप्रमाणे करून घेतो ना, तसेच हे. नांगर कंपनीचा, धार आपली. १९९३ साली अमेरिकेत ‘डूम’ नावाचा खेळ निघाला. त्याच्या कर्त्यांनी नकाशे आणि चित्रे मूळ यंत्रणेपासून वेगळ्या फाइलीत ठेवली होती. त्यामुळे खेळणाऱ्यांना स्वतःचे नकाशे घालता येऊ लागले आणि ही चाल जोरात पसरली. स्वित्झर्लंडमधल्या एका कंपनीचा ‘फार्मिंग सिम्युलेटर’ हा शेतीचा खेळ २००८ साली सुरू झाला. त्यात तर जगभरचे लोक आपापल्या भागातले ट्रॅक्टर, अवजारे आणि शिवारे घालत असतात.

आपल्याकडच्या पोरांचा आवडता खेळ म्हणजे ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. २०१७ साली आलेला हा खेळ मोबाईलवर चालतो आणि त्यात आपली गाडी घालण्याची सोय आहे. त्यामुळे जावा बेटावरच्या रस्त्याने आपली लाल एसटी धावताना दिसते! माझ्या पुतण्याने सुरुवात तिथूनच केली. आधी त्याने तयार गाडीवर फक्त आपला रंग चढवला. बसच्या अंगावर चिकटवायचे ते एक सपाट चित्रच असते. पाटी, पट्टा, नंबर सगळे त्यात रंगवायचे. दोन-चार संध्याकाळींचे काम, ते त्याने एकट्याने केले आणि घरभर दाखवत फिरला. मग त्याच्या मनाने घेतले की अख्खी गाडीच आपण घडवायची. आतली बाकडी, वरचे दांडे, कंडक्टरच्या घंटीची दोरी, घाटात चढतानाचा तो आवाज, सगळे हवे.

इथे पहिला प्रश्न उभा राहतो. या कामात एक हुन्नर नाही, पाच-सहा आहेत. गाडीचा सांगाडा संगणकावर घडवणारा सुतार वेगळा. त्यावर रंग चढवणारा रंगारी वेगळा. आवाज टिपून तो साफ करणारा वेगळा. हे सगळे खेळाच्या यंत्रणेत बसवणारा मिस्त्री वेगळा. शेवटी साध्या स्वस्त मोबाईलवर चालवून बघणारा हवा, कारण सांगाडा जितका बारीक पैलूंचा तितका तो देखणा दिसतो, पण कमी ताकदीचा मोबाईल मग अडखळतो. हे सारे एकट्याने शिकायचे, की प्रत्येक हुन्नराचा माणूस शोधायचा?

एकट्याने केलेल्यांची उदाहरणे काही थोडी नाहीत. अमेरिकेतल्या अलेक्झांडर वेलिकी या एकोणीस वर्षांच्या मुलाने ‘स्कायरिम’ या खेळासाठी ‘फाल्सकार’ नावाचा एक नवा मुलूखच रचला. २०१३ साली तो बाहेर आला, तेव्हा त्यात सुमारे दोन हजार तास गेले होते. या कामाच्या जोरावर त्याला एका मोठ्या खेळ-कंपनीत नोकरी मिळाली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे निक पिअर्स हे वकील. वकिली सांभाळून त्यांनी त्याच खेळात ‘द फरगॉटन सिटी’ ही गोष्ट रचली. २०१५ साली ती आली आणि पुढच्याच वर्षी तिला तिथल्या लेखक-संघाचा पुरस्कार मिळाला. आणि आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे एरिक बॅरोन यांचे. त्यांचा ‘स्टारड्यू व्हॅली’ हा मॉड नव्हे, पूर्ण खेळ आहे. पण तो शेतीचा आहे. पेरणी, पाणी, जनावरे, गावकरी, सगळे त्यात आहे. चित्रे, संगीत, गोष्ट, यंत्रणा हे सारे या गृहस्थाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने केले आणि २०१६ साली खेळ बाजारात आणला. २०२४ पर्यंत त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

एकट्याच्या कामाचे सुख यात दिसते. कुणाला विचारायचे नाही, कुणाची वाट बघायची नाही. सगळ्या कामाला एकाच हाताची चव असते. पण जरा जवळ जाऊन बघा. वेलिकीच्या मुलखातली माणसे बोलतात, ते आवाज दुसऱ्यांनी हौसेने दिले. पिअर्स यांनी पुढे त्याच गोष्टीचा स्वतंत्र खेळ केला, तो २०२१ साली आला, तेव्हा ते एकटे नव्हते, जोडीला लहानशी मंडळी होती. बॅरोन यांच्या त्या वर्षांत त्यांची जोडीदारीण कमावत होती, म्हणून घर चालले. एकट्याने ओढलेल्या नांगरामागे भाकरी घेऊन येणारे कुणीतरी असतेच. ते नाव पाटीवर नसते, एवढेच.

आता चौघांनी केलेले काम पाहू. १९९९ च्या जून महिन्यात ‘हाफ-लाइफ’ या खेळावर ‘काउंटर-स्ट्राइक’ नावाचा मॉड निघाला. कॅनडातला विद्यार्थी मिन्ह ले आणि अमेरिकेतला जेस क्लिफ ही त्यामागची जोडी. ले घडवायचा, क्लिफ लोकांशी संबंध आणि प्रसार सांभाळायचा. लढाईच्या जागांचे नकाशे इतर हौशी लोकांकडूनही यायचे. कुणाचे काम कोणते, हे स्पष्ट होते. वर्षभरात मूळ कंपनीनेच तो विकत घेतला आणि दोघांना कामावर ठेवले.

पण त्याच ‘हाफ-लाइफ’ला नव्या यंत्रणेवर पुन्हा उभे करण्याचा घाट हौशी लोकांच्या दोन टोळ्यांनी २००४ साली वेगवेगळा घातला. मग दोघांनी शहाणपणाने एकत्र येऊन ‘ब्लॅक मेसा’ हे काम हाती घेतले. त्याचा मोठा भाग आला २०१२ साली आणि शेवटचा भाग धरून पूर्ण काम झाले २०२० साली! सोळा वर्षे. एवढ्या काळात बिनपगारी माणसे येतात, शिक्षण संपते, नोकरी लागते, लग्न होते, आणि जातात. तरी ते पुरे झाले, कारण माणूस गेला तरी काम मंडळींकडे राहिले. एकट्या माणसाकडून सोळा वर्षांचा असा पल्ला क्वचितच गाठला जातो.

आणि एक संकट दोघांनाही सारखेच. जमीन दुसऱ्याची असते. ‘फॉलआउट: लंडन’ हा स्वयंसेवकांच्या मोठ्या चमूने केलेला मॉड २०२४ च्या एप्रिलमध्ये यायचा होता. नेमकी त्याच सुमारास मूळ कंपनीने आपल्या खेळात मोठी दुरुस्ती काढली आणि मॉड लांबणीवर पडला. तो जुलैमध्ये आला. कुळाने पेरणीची तयारी करावी आणि मालकाने पाटच वळवावा, तसे झाले. एकटा माणूस असता तर कदाचित खचला असता; चार हात होते म्हणून धकले.

आता घरचे सांगतो. पुतण्याने चौघांची मंडळी जमवली. एक सोलापूरकडचा, एक नाशिकचा, एक बेळगावचा. एकमेकांना समोरासमोर कुणी पाहिलेले नाही, सगळी ओळख मोबाईलवरची. सहा-सात महिने काम झकास चालले. बेळगावच्या मुलाचा हात सांगाडा घडवण्यात बसलेला. तो आवाजासारखे बोलणे कमी आणि काम जास्त करणारा. एके दिवशी तो बोलेनासाच झाला. निरोपाला उत्तर नाही, फोन बंद. आणि गाडीची मूळ फाइल फक्त त्याच्याकडे! बाकीच्यांकडे होते ते नुसते तयार नमुने. त्यांत पुढे बदल करता येत नव्हता.

पुतण्या संतापला. ‘काका, माणसांवर भरवसाच नको. मी सगळं पहिल्यापासून एकटा करतो,’ म्हणाला. परीक्षा दीड महिन्यावर होती. त्याची आई माझ्याकडे बघत होती.

मी म्हटले, “बाबा, इर्जिक ऐकलीस का? पूर्वी एखाद्याची नांगरट मागं पडली की गावातले लोक आपापली बैलजोडी घेऊन एका दिवशी त्याच्या शेतात उतरायचे. मजुरी नाही. ज्याचं शेत, त्यानं जेवण घालायचं. आता सांग, वीस जोड्या शेतात उतरल्या म्हणून शेत कुणाचं, याचा घोळ व्हायचा का?”

“नाही.”

“तुमची ही गाडी कुणाची?”

तो गप्प झाला. चौघांनाही ती आपली वाटत होती. आणि राखायची वेळ आली तेव्हा ती कुणाचीच नव्हती.

परीक्षा झाल्यावर कळले की बेळगावच्या मुलाचे वडील आजारी होते आणि तो दवाखान्यात अडकला होता. त्याने फाइल पाठवली. मात्र सोबत कळवले, ‘माझे नाव पहिले असू दे.’ यावर पुन्हा चार दिवस धुसफूस झाली. शेवटी तिघांनी ते मान्य केले. गाडी निघाली, घंटीची दोरी तेवढी राहून गेली. तो मुलगा नंतर मंडळीत आला नाही. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. पण आता नव्या कामाआधी हे तिघे एक कागद लिहितात, तो मी पाहिला आहे. काम कुणाचे, म्हणजे शेवटचा शब्द कुणाचा. कुणी काय करायचे आणि किती दिवसांत. दर रविवारी मूळ फाइली सगळ्यांकडे जायच्या. नावे कोणत्या क्रमाने लागायची. आणि कुणी मध्येच गेला तर त्याने केलेल्या कामाचे काय. पाच ओळींचा कागद, पण आपल्यातल्या किती भाऊबंदांनी विहीर खणण्याआधी असा कागद केला असता, तर कोर्टाची पायरी वाचली असती!

म्हणून मंडळी, माझे म्हणणे असे. एकटे की मिळून, हा खरा प्रश्न नाही. शेत कुणाचे आणि नांगरट किती दिवसांची, हा खरा प्रश्न आहे. नवशिक्याने पहिले काम लहान घ्यावे, एकट्याने घ्यावे आणि पुरे करावे. त्याने प्रत्येक हुन्नराची किंमत कळते आणि दुसऱ्याच्या कष्टाला कमी लेखण्याची सवय लागत नाही. मोठे काम असेल तेव्हा माणसे बोलवावीत, पण ‘या, सगळे मिळून काहीतरी करू’ असे म्हणून नव्हे. ‘माझी ही गाडी आहे, मला आवाज हवा, एवढे करून द्या, तुमच्या कामाला मी येईन,’ अशी सावड घालावी. सावडीत आपले बैल आपल्या गोठ्यात परत येतात. भागीच्या घोड्याला तो गोठा नसतो, म्हणून ते मरते.

आणि घरच्यांना एक विनंती. या कामात बहुतेकांना पैसा मिळत नाही. मूळ खेळ कंपनीचा असतो, तिच्या अटी पाळाव्या लागतात आणि वेलिकीसारखे नशीब एखाद्याचेच. तेव्हा अभ्यास आणि झोप यांची वेळ बांधून द्याच. पण पोर काय करते आहे हे एकदा शेजारी बसून विचारा. कोण कोण सोबत आहे, कुणाचे काय काम, हेही विचारा. आपल्याला संगणकातले कळत नसेल, पण माणसांची सावड कशी टिकते हे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तेवढे तरी आपण त्यांना सांगू शकतो.