डावीकडे म्हणजे कुणीकडे?

कादंबरीकाराने आपली मुद्रिते बायकोकडून तपासून घेऊ नयेत. पैसे वाचतात हे खरे. पण ते निराळ्या मार्गाने वसूल होतात. माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या बाराव्या प्रकरणात नायक चांदण्या रात्री नायिकेला होडीतून खाडीपलीकडे नेतो. उजव्या हाताने तो वल्हे मारीत असतो आणि डाव्या हातात त्याने तिचा हात धरलेला असतो. हे लिहिताना मी स्वतः सद्गदित झालो होतो. आमच्या हिने समासात बारीक पेन्सिलीने लिहिले, "होडी जागच्या जागी गोल फिरेल. आणि वल्ह्याला दोन हात लागतात."

दोन दिवस आमचे बोलणे बंद होते. पुस्तक निघाले, नायक पलीकडे सुखरूप पोचला, एकाही वाचकाने हरकत घेतली नाही. पण पेन्सिलीची ती ओळ माझ्या मनातून पुसली गेली नाही, कारण तिला ते ठाऊक असणार हे मला ठाऊक होते. हिचे माहेर मालवणजवळचे देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. हिचे वडील त्या खाडीत तरीची होडी चालवीत आणि ही लहानपणी त्यांच्याबरोबर वल्हे मारी. मी मात्र आमच्या घाटावरच्या गावी कुणी विचारले, तर "सासरे जलवाहतुकीत होते" असे सांगत असे. शाळामास्तराला शब्दांची उणीव पडत नाही.

2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी आली. हिला ओवाळायला माहेरी जायचे होते, मीही गेलो. धाकट्या मेहुण्याने अलीकडे पर्यटकांसाठी दोन माणसांच्या नारिंगी प्लॅस्टिकच्या होड्या घेतल्या आहेत. त्यांना कयाक म्हणतात. मुंबई-पुण्याची जोडपी हसतखेळत त्यांत बसतात आणि अर्ध्या तासाने एकमेकांकडे न बघता उतरतात. परदेशात या दोघांच्या होडीला चक्क घटस्फोटाची होडी म्हणतात, असे मी कुठेसे वाचले होते. ते मी जेवताना सांगितले. मेहुणा हसला. ही म्हणाली, "होडीचा काय दोष?"

झाले! सगळ्या कयाक बाहेर गेलेल्या होत्या. पण माडाखाली सासऱ्यांची जुनी, आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली होडी पडली होती. दुपारी चारला मी ती पाण्यात लोटायला लावली. ही म्हणाली, "आज बीज. दोन पाऊणके दीड. दीडला भरती पुरी झाली, आता पाणी उतरतंय." तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा तिकडच्या लोकांचा हिशेब. पाऊणकी शाळेतून केव्हाच हद्दपार झाली. पण खाडीला ते कुणी कळवलेले दिसत नाही. "शिवाय अवसेच्या पाठचं उधाण आहे," तिने पुस्ती जोडली. मेहुणा म्हणाला, "भावोजी, मुखाकडे जाव नकात. आणि चंद्र दिसाच्या आधी परत येवा." भाऊबिजेला आधी चंद्राला ओवाळायचे आणि मग भावाला. चंद्र बिजेचा, म्हणजे सूर्यामागोमाग जाणारा. तो कुणासाठी खोळंबत नाही.

मागे मी बसलो. होडी मागून वळवतात एवढे मला ऐकून माहीत होते, आणि संसाराचे सुकाणू पुरुषाच्या हाती असते हे मी दोन कादंबऱ्यांत लिहिले होते. पुढे बसणाराने ठेका धरायचा, मागच्याने तो उचलायचा. यात एक सोय अशी की, पुढच्याला मागचा दिसत नाही. मी मधूनमधून वल्हे मांडीवर ठेवून निसर्ग पाहत होतो. तरी होडी झरझर चालली होती. "बघ, जमलं की नाही?" मी म्हणालो. ती काही बोलली नाही. ओहोटीचे पाणी आम्हांला मुखाकडे ओढीत नेत होते, हे न सांगण्याचे सौजन्य तिने जवळजवळ वीस मिनिटे पाळले.

मग समोर पांढरी रेघ दिसली. खाडीचे उतरते पाणी आणि समुद्राच्या लाटा जिथे भेटतात तिथे फुटणारा फेस. आवाजही येत होता.

"वळवा," ती म्हणाली.

"डावीकडे!" मी वर्गात ओरडतो तसा ओरडलो. तिने ताबडतोब डाव्या बाजूला वल्हे मारले, आणि होडी उजवीकडे गेली. डावीकडे मारले की होडी उजवीकडे वळते, ही साधी गोष्ट आहे. पण डावीकडे म्हणजे वल्हे की होडी, हा खुलासा मी केला नव्हता. "अगं, डावीकडे म्हणजे उजवीकडे!" असेही एक वाक्य माझ्या तोंडून गेले. तिने उजवीकडे मारले. मी घाबरून त्याच वेळी उजवीकडेच मारले. आणि वाचकहो, कर्ली खाडीच्या भर प्रवाहात आमच्या होडीने एक संपूर्ण, निर्दोष वर्तुळ काढले. बाराव्या प्रकरणाची आठवण दोघांनाही झाली असणार. तिने ती काढली नाही, याचाच मला जास्त राग आला.

कसेबसे तोंड फिरवले. आता पाण्याविरुद्ध जायचे होते. हात भरून आले, तळहाताला फोड आले. पुढच्या वळणाला मी जवळची वाट म्हणून आतल्या अंगाने होडी घातली. "तिकडे नको," ती म्हणाली. "मागे कोण बसलंय?" मी विचारले. खर्र असा आवाज झाला आणि होडी वाळूवर बसली. वल्ह्याने रेटले तर वल्हेच रुतले. बघता बघता भोवतीचे पाणी आणखी विताने उतरले.

नदी वळणाच्या बाहेरच्या काठाला खोल खणते आणि आतल्या काठाला गाळ टाकते. हे मी दरवर्षी भूगोलाच्या तासाला फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

"आता साडेसातपर्यंत पाणी कमीच होणार," ती म्हणाली. "मग भरती लागायची." सूर्य माडांच्या मागे गेला होता. मी कपाळाला हात लावून बसलो. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही लोकांना सांगता ना, बाबा जलवाहतुकीत होते म्हणून?"

मला वाटत होते की तिला माहीत नाही.

"तरीवर होते ते. होडीवाले. पलीकडच्या शाळेतली पोरं, बाळंतिणी, आजारी माणसं, सगळ्यांना न्यायचे. एकदासुद्धा होडी रेतीवर घातली नाही त्यांनी." तिने पदर खोचला, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि उतरली. "चपला काढा. कालवं लागतील, बघून पाय टाका. आणि होडी उचलू नका, ओढा."

मी उतरलो. पिंढऱ्यांपर्यंत चिखलात आम्ही दोघांनी ती होडी ओढली. वीस-पंचवीस पावलांचे अंतर. पण मला त्याला अर्धा तास लागला असे वाटते. मध्येच ती थांबली आणि पश्चिमेकडे हात जोडले. माडांच्या शेंड्यांवर नखाएवढी कोर निघाली होती. ओवाळायला काही नव्हते. तिने चिखलाचा हात साडीला पुसला, मंगळसूत्र कोरीपुढे तीनदा फिरवले आणि म्हणाली, "चला."

"मी सांगायला नको होतं तसं," मी म्हणालो.

"ओढा आधी."

खोल पाणी लागल्यावर ती न विचारता मागे जाऊन बसली. मी पुढे. पुढे बसले की मागचे माणूस दिसत नाही. फक्त वल्हे पाण्यातून निघताना टपटप होते तेवढे ऐकू येते. "डावं," ती म्हणे आणि मी डाव्या हाताला वल्हे मारी. होडी कुणीकडे वळायची ते ती बघून घेत होती. ती काठाकाठाने, ओढ कमी असेल तिथून नेत होती.

धक्क्यावर मेहुणा बॅटरी घेऊन उभा होता. "ताये, खंय होतंव? चंद्र गेलो मगे!"

"ह्यांना बघायचा होता पाण्यातून," ती म्हणाली. "छान दिसला."

मेहुण्याने माझ्या पायांकडे प्रकाश टाकला, मग होडीच्या तळाकडे, आणि काहीच विचारले नाही. ओवाळणी झाल्यावर त्याने तिला साडी दिली. माझ्या हातांच्या फोडांना तिने खोबरेल लावले. परगावाहून भाऊबिजेला आलेले तिचे एक चुलते पानाचा डबा घेऊन शेजारी बसले होते. त्यांनी मला विचारले, जावई, तुम्ही काय करता?

"शिकवतो," मी म्हणालो. "भूगोल."

ती हसायला लागली ती थांबेचना.