वेलांटी चुकली, मदत अडकली

2021 साली बकरी ईद 21 जुलैला होती. करोनामुळे नमाज घरातच झाली, येणंजाणंही बेताचंच. रात्रभर पाऊस थांबला नाही आणि पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ईदचे वाटे ज्या फ्रीजमध्ये ठेवले होते, तो फ्रीज सकाळी स्वयंपाकघरात आडवा तरंगत होता. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो म्हणून वाचलो. माझ्या सासूबाईंनी 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेला. "तेव्हा इथपर्यंतच आलं होतं," असं म्हणत त्या जिन्याच्या पायऱ्या मोजत होत्या. या वेळी पाणी त्यांची खूण ओलांडून वर आलं.

पाणी उतरल्यावर राहिला तो चिखल. गाद्या, भांडी, शिलाई मशीन, मुलांची पुस्तकं, सगळ्यावर एकाच रंगाचा थर. गावोगावची मुलं फावडी घेऊन आली. कुणी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. आठवड्याभरात घरं निदान उभं राहण्याजोगी झाली. मग माझ्याकडे माणसं येऊ लागली. "टीचर, जरा अर्ज लिहून द्या." मी उर्दू शाळेत शिकवते, मराठीही शिकवते, त्यामुळे मोहल्ल्यातला अर्ज बहुधा माझ्याच टेबलावर येतो.

सरकारने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्य सरकारने 11,500 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले 1,500 कोटी तातडीच्या मदतीसाठी होते. घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी 5 हजार आणि भांड्यांसाठी 5 हजार. घर पूर्ण पडलं असेल तर दीड लाख. दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के, जास्तीत जास्त 50 हजार. टपरीवाल्याला 10 हजारांपर्यंत. पंचनाम्याला आलेली माणसंही गुडघाभर चिखलातून फिरत होती. त्यांच्यातल्या काहींची स्वतःची घरंही पाण्यात गेली होती.

अडचण होती ती पैसा आणि माणूस यांच्यामधल्या कागदांची. आणि कागद तर पुरात भिजले होते.

आमच्या गल्लीत एक खाला भाड्याने राहतात. नवरा वारलेला, शिवणकामावर घर चालतं. घरमालक आखातात. पंचनाम्यात पहिल्यांदा नाव लागलं ते मालकाचं. खाला तिथे राहतात असं लिहून द्यायला मालकाचे नातेवाईक तयार होईनात; उद्या बाई हक्क सांगेल ही धास्ती. मशीन गंजून गेलं, पण खालांकडे दुकानाचा परवाना नव्हता, म्हणून त्या दुकानदारही नव्हत्या आणि टपरीधारकही. शेवटी शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन राहण्याचा पुरावा दिला, तेव्हा खिडकीवर नवीनच अडचण निघाली. रेशनकार्डावरचं नाव आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव जुळत नव्हतं.

आपल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. समजा एखाद्या बाईचं नाव मेहरुन्निसा आहे. उर्दूत ते एकाच पद्धतीने लिहितात. मराठीत कुणी मेहरूनिसा लिहितं, कुणी महेरुन्नीसा. आधारवर इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्राने केलेलं तिसरंच मराठी. एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर नुसतं नवऱ्याचं नाव. बाई एक, पण कचेरीच्या लेखी तीन बायका. खाला मला म्हणाल्या, "टीचर, यातली मी कुठली, ते तुम्हीच सांगा." त्या हसून म्हणाल्या. मला हसता आलं नाही.

कारण पुरावा म्हणून त्यांच्या मुलीचा शाळेचा दाखला काढला, तर त्यावर आईचं नाव चौथ्याच पद्धतीने लिहिलेलं होतं. अक्षर माझं होतं. प्रवेशाच्या गर्दीत ऐकलं तसं मी रजिस्टरमध्ये उतरवलं होतं. वर्गात ऱ्हस्व-दीर्घासाठी मुलांचे गुण कापणारी मी!

खालांना पैसे मिळाले, पण कित्येक खेपांनंतर. तोवर त्यांनी उसनवारी करून जुनं मशीन घेतलं होतं.

त्याच 22 जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. कित्येकांचे मृतदेह मिळालेच नाहीत. एरवी बेपत्ता माणसाला कायद्याने मृत मानायला सात वर्षं जावी लागतात. तळियेत मात्र शोध थांबवून त्यांना मृत मानण्यात आलं, म्हणजे वारसांची मदत अडायला नको. पक्क्या घरांसाठी तिथल्या लोकांना पुढे कंटेनरमध्ये पावसाळे काढावे लागले, ही गोष्ट वेगळी आणि तितकीच खरी. पण सरकारने ठरवलं तर कागद माणसासाठी वाकतो, हे तिथे दिसलं. मग एका वेलांटीसाठी का वाकू नये? घर कुणाच्या नावावर आहे यापेक्षा त्यात कोण राहत होतं, हे पंचनाम्यात आधी लिहावं. नावात फरक असेल तर त्याच माणसाचं लेखी निवेदन आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या पुरेशा मानाव्यात. यासाठी वेगळे कोटी लागत नाहीत.

आणि थोडं आपल्याबद्दल. वडील वारून वीस वर्षं झाली तरी घर त्यांच्याच नावावर असतं. वारसनोंद करायची म्हटलं की बहिणींची नावं लागतील, म्हणून भाऊ टाळतात. कुरआनने मुलीला वाटा दिला आहे, हे जुम्याच्या बयानात सगळे ऐकतात. पूर आला की मदत त्या मरहूम वडिलांच्या नावावर अडकते. तेव्हा दोष फक्त सरकारचा नसतो.

आता जूनमध्ये प्रवेशाला पालक आले की मी घाई करत नाही. आईचं आधार, रेशनकार्ड, पासबुक समोर ठेवायला सांगते. नावं जुळत नसतील तर दुरुस्ती कुठे करायची ते चिठ्ठीवर लिहून देते, आणि सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवायला सांगते. काही पालक वैतागतात. वैतागू देत. परवा खाला धाकट्या नातीला घेऊन आल्या होत्या. तिन्ही कागद त्यांनी आधीच टेबलावर मांडले. तिन्हींवर नाव एकच होतं.